मदत हवी आहे : खाणीत आयुष्य काढलेल्या बाबांना घेऊन कॅलिकोला एक रात्र राहायचं आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नोव्हेंबरपासून माझ्याकडे, ऑरेंज काउंटीत, आले आहेत. मार्चमध्ये परत जातील. समुद्र, डिस्नेलँड, मंदिर सगळं झालं. बाबा सगळीकडे येतात, बघतात, छान आहे म्हणतात. पण मागच्या आठवड्यात मी त्यांना मोहावी वाळवंटातल्या कॅलिको या जुन्या चांदीच्या गावाचे फोटो दाखवले, तर त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला. मग विचारलं, "हे जपून ठेवलं कोणं?"

बाबा वणीजवळच्या भूमिगत कोळसा खाणीत ३१ वर्षं होते, त्यातली शेवटची १८ मायनिंग सरदार म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माणसं कामाला लागण्याआधी सरदाराने तिथलं छत आणि हवा तपासायची असते. काठीने छत ठोकायचं. घट्ट असेल तर खणखणीत वाजतं, सुटलं असेल तर बद्द वाजतं. "छत बोलते बाई, कान दिला पायजे," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे आले त्या रात्री त्यांनी खोलीची भिंत बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिली आणि मगच बॅग उघडली.

ती खाण आता बंद आहे. ज्या क्वार्टरमध्ये माझा जन्म झाला, त्याची दारं-खिडक्यासुद्धा कुणी काढून नेली. हजेरीघरात बाभळी उगवल्यात. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणून मला त्यांना असं एक खाणगाव दाखवायचं आहे जे कुणीतरी मायेने उभं केलं. आणि दिवसभर हिंडून परत यायचं नाही, तिथेच रात्र काढायची आहे.

मी वाचलं ते असं. १८८१ मध्ये तिथे चांदी सापडली. आसपास पाचशेहून जास्त खाणी झाल्या, त्यात सिल्व्हर किंग सगळ्यात मोठी. पुढच्या दशकात चांदीचा भाव कोसळला आणि गाव ओस पडलं. १९५१ मध्ये वॉल्टर नॉट यांनी ते विकत घेतलं. आमच्या घराजवळच्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक पार्कचे तेच. त्यांचे काका सिल्व्हर किंगच्या मालकांपैकी होते आणि नॉट यांनी स्वतः तरुणपणी तिथे काम केलं होतं. जुन्या फोटोंवरून त्यांनी घरं पुन्हा बांधली आणि १९६६ मध्ये गाव सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे : तिथे घाम गाळलेल्या माणसाने जपलं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावरच सांगणार आहे.

नावाचीही गंमत वाटली. डोंगर लाल, पिवळे, हिरवट, छिटाच्या कापडासारखे, म्हणून कॅलिको. आणि कापडाला ते नाव पडलं आपल्या कालिकतवरून.

आता अडचणी. बाबा ७२ वर्षांचे आहेत. गुडघे ठीकठाक, पण चढावर दम लागतो. धूळ सोसत नाही, छाती भरून येते. आईला रात्री दोनदा उठावं लागतं. माझा भाऊ म्हणतो की सेरो गोर्डो या दुसऱ्या जुन्या खाणगावाला जा, ते जास्त अस्सल आहे. पण ते साडेआठ हजार फुटांवर, वर जायला सुमारे आठ मैल खडा कच्चा रस्ता. तिथलं १८७१ चं हॉटेलही जून २०२० मध्ये जळलं. बोडी हे आणखी एक ओस पडलेलं खाणगाव, पण तिथे मुक्काम करता येत नाही आणि या दिवसांत बर्फ असतं. म्हणून कॅलिकोच धरलं आहे. फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी. तिथे केबिन मिळतात एवढं कळलं आहे. वयस्कर माणसांना घेऊन कुणी राहिलंय का? थंडी, संडास-बाथरूम, चढ, खाणीच्या आतली धूळ, जे माहीत असेल ते सांगा. आणि मनापासून विचारते : सगळं नव्याने बांधलेलं बघून खाणीत राबलेल्या माणसाला ते खोटं वाटेल का?

प्रतिसाद

ताई, आम्ही मुलांना घेऊन दोनदा राहिलो आहोत, एकदा सासूबाईही होत्या. पहिली गोष्ट म्हणजे मुक्काम गावातल्या घरांत नसतो. गावाच्या पायथ्याशी घळीत कॅम्पग्राउंड आहे, तिथे तंबूच्या जागा आणि लाकडी केबिन. केबिनमध्ये हीटर असतो, पण नळ-संडास नाही. ते सामायिक, थोडं चालून जावं लागतं. बुकिंग करताना बाथरूमच्या सगळ्यात जवळची केबिन मागा, हे आईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं. अंथरूण-पांघरूण घरून न्या. फेब्रुवारीत दिवसा स्वेटरवर भागतं, पण पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि वारा सुटला तर कानटोपीशिवाय बाहेर पाऊल टाकवत नाही. सासूबाईंनी रात्री उठायच्या वेळेसाठी उशाशी टॉर्च, मोजे आणि शाल घडी करून ठेवली होती, तसं करा. बूट घालण्याआधी झटकायचे, हे बाबांना सांगावं लागणार नाही.

मुख्य रस्ता चढाचा आहे. पार्किंगपासून वर शाळेपर्यंत सलग चढू नका. लेन यांच्या दुकानापाशी थांबा, बसा, मग पुढे. लूसी लेन लहानपणी या गावात आल्या आणि सगळे गेल्यावरही नवऱ्यासोबत इथे परत येऊन राहिल्या. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. आईंना ते नक्की आवडेल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानं, आगगाडी सगळं बंद होतं आणि बाहेरची माणसं निघून जातात. त्यानंतरचा तास चुकवू नका. डोंगरावरचं ऊन आधी पिवळं, मग विटकरी होतं आणि घळीत एकदम गार पडतं. थोडं वर चढलात तर खाली दूरवर पंधरा नंबरच्या हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसतात. जेवण घरून न्या. आम्ही पिठलं गरम केलं आणि ज्वारीच्या भाकरी बांधून नेल्या होत्या.

प्रतिसाद

मी भूगर्भशास्त्राचा माणूस, नोकरीनिमित्त नेवाडात असतो. धुळीचं गांभीर्याने घ्या. कोळशाने आधीच दुखावलेल्या फुप्फुसांना वाळवंटातली वाऱ्याची धूळ चांगली नाही. या भागातल्या मातीतल्या बुरशीमुळे व्हॅली फीवर नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. वारा जोरात असेल त्या दिवशी सरळ तारीख बदला आणि एन ९५ मास्क जवळ ठेवा. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. अगदी गरज पडली तर बार्स्टोला हॉस्पिटल आहे, गाडीने पंधरा-वीस मिनिटं.

पाहुण्यांसाठी उघडी आहे ती मॅगी माइन. चालत आत जाता येतं. त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. बाकी डोंगरात जी भोकं दिसतील त्यांच्या जवळपास जायचं नाही. कुजलेल्या फळ्यांखाली उभी शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा खोल खड्डा, असते आणि आत प्राणवायू कमी असू शकतो. हे तुम्हाला बाबाच जास्त चांगलं समजावतील.

आता खोटं वाटेल का, त्याबद्दल. जुन्यापैकी फक्त पाच इमारती उरल्या होत्या, बाकीची पुन्हा उभारलेली. पण गाव नवं असलं तरी डोंगर जुनाच आहे. इमारतींकडे पाठ करून वर बघायला सांगा. उतारावर बाहेर ओतलेल्या दगडाचे ढीग दिसतील, त्यावरून आतलं काम किती झालं असेल याचा अंदाज खाणीतला माणूस उभ्या उभ्या घेतो. आणि खडकात खोदलेली छोटी बिळं दिसतील, समोर दगडाची भिंत रचलेली. घर बांधायला लाकूड महाग, ऊन भाजून काढणारं, म्हणून कामगार त्यात राहायचे. त्याला कुणी रंग दिलेला नाही. चांदी संपत आली तेव्हा पूर्वेला तीन-चार मैलांवर बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) खाणी चालू होत्या, १८९८ मध्ये तिथून डॅगेट गावापर्यंत छोटी रेल्वेही टाकली. १९०७ च्या सुमारास तेही थांबलं, मग उरलेली माणसं गेली.

प्रतिसाद

बार्स्टोला मोटेलमध्ये झोपा आणि सकाळी गाव बघा. आईंच्या दृष्टीने सोपं पडेल.

धागाकर्ती

तिघांचेही खूप आभार. मोटेलचा विचार मीही केला होता, पण रात्री हेच आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एकतीस वर्षं त्यांच्या पाळीची वाट बघत जागी राहिले, एक रात्र बाथरूमला चालायचं काय घेऊन बसलीस?" त्यामुळे केबिनच. आज फोन करून बाथरूमला लागून असलेली मागून घेतली, फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. डॉक्टरांची वेळ शुक्रवारी आहे. वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी बघून मगच निघू.

खडकातल्या बिळांचं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, काठी घ्या लागन. मला वाटलं चालायला. तर म्हणे, नाही, ठोकाले. लांब, सरळ, वेताची असली तर बरी.

तर आता शेवटची मदत. अर्व्हाइन-टस्टिन भागात कुणाकडे दोन जाड गोधड्या आठवड्याभरासाठी मिळतील का? आणि वेताची काठी या भागात कुठल्या दुकानात मिळते?