मदत हवी आहे: पोरीला सारखा ताप, रिपोर्ट सगळे नॉर्मल

नंदगडची_लेक
कुणीतरी लवकर सांगा. आज परत ताप. परवा संध्याकाळपर्यंत अंगणात हुंदडत होती, रात्री एकदम अंग तव्यागत. रक्त झालं, लघवी झाली, छातीचा फोटो झाला, सगळं नॉर्मल. दोन डॉक्टर बदलले. एक म्हणाले व्हायरल. दुसऱ्यांनी अँटिबायोटिक दिलं, कोर्स संपायच्या आत ताप गेला, आता परत हजर. आमचे मालक गोव्याला कामाला, शनिवारी येतात. बायकांना बस फुकट म्हणून बेळगावला एवढे हेलपाटे जमले, पण रिक्षा आणि लॅब कुठं फुकट आहे? कुणाच्या पोरांना असं झालंय का?

वडगावकर
वय किती? वजन? ताप किती होता? तव्यागत म्हणजे किती, ते थर्मामीटरला विचारा.

निपाणीचा_दादा
टायफॉइड. डोळे झाकून सांगतो. रक्ताची विडाल टेस्ट करून घ्या. माझ्या पुतण्याला अगदी असंच झालं होतं.

नंदगडची_लेक
साडेतीन वर्षं, १४ किलो. काखेत १०३ लागला. तापाचं औषध पाच मिली देतीय, उतरतच नाही, तासाभरात परत तेवढाच. कुठली टेस्ट बाकी राहिली तेवढं सांगा.

चिक्कोडी_लॅबवाला
टेस्टचं नंतर. बाटलीवर पाच मिलीत १२० लिहिलंय की २५०? पॅरासिटामॉल किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १४ किलोला १४० ते २१०. तुमची १२० ची बाटली असेल तर डोसच कमी पडतोय. उलट २५० ची बाटली घेऊन कुणी दहा मिली पाजलं तर फार होतं. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्या, दिवसरात्रीत चारच्या वर नको. डॉक्टरांकडून वजनावर मिली लिहून घ्या, औषधाच्या दुकानात विचारू नका.

दादा, विडालचं म्हणाल तर ती जुन्या तापानं, लसीनंही पॉझिटिव्ह दिसते. टायफॉइडच बघायचा तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची टेस्ट.

निपाणीचा_दादा
पुतण्या बरा झाला ना पण?

चिक्कोडी_लॅबवाला
तो विडालनं बरा झाला नाही, औषधानं झाला.

जांबोटी_रान
नंदगड म्हणजे रानालगत. गोचीड चावली होती का? माकडताप बघा.

वडगावकर
माकडताप एकदा येतो, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो. सारखा सारखा येत नाही. आणि येतो तो बहुतेक थंडी-उन्हाळ्यात, ऐन पावसात नाही. उगाच बाईंना घाबरवू नका.

सुमनकाकू_शहापूर
अगं बाई, पोर गोरीगोमटी असेल. मीठमोहरीनं दृष्ट काढ तिन्हीसांजेला. आमच्यात पहिलं तेच करतात, मग डॉक्टर.

अथणीची_सून
काकू, काढू द्या दृष्ट, त्यानं काही बिघडत नाही. पण ताई, एक सांगा. मागचा ताप कधी आला होता? त्याच्या आधीचा? तारखा पाहिजेत. आणि किती दिवस राहतो?

नंदगडची_लेक
तारखा कोण लिहून ठेवतंय वो. महिन्यातनं एकदा येतो बघा. पावसाळा आहे, सगळ्याच पोरांना येतोय.

अथणीची_सून
'महिन्यातनं एकदा' हे तुम्ही आत्ता सांगताय! आठवून बघा.

वडगावकर
अंगणवाडीत जायला लागलं की पहिल्या वर्षी पोरं आठ-दहा वेळा आजारी पडतातच. आमचा धाकटा तर कायम नाक गळत. खोकला-सर्दी असते का तापाबरोबर?

नंदगडची_लेक
सर्दी नाही. खोकला नाही. घसा लाल असतो म्हणतात डॉक्टर.

आणि अथणीच्या ताई, तारखा सापडल्या. सासूबाई कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहितात. रोज एक लिटर, पण ताप असला की पोरगी दुधाला तोंड लावत नाही, मग त्या दिवशी 'अर्धा'. मी बसून सगळे 'अर्धा' शोधले. जूनचं पान फाडून पिठाच्या डब्याखाली घातलं होतं, ते पण काढलं. ३ ते ६ जून. ३० जून ते ३ जुलै. २९ जुलै ते १ ऑगस्ट. २६ ते २९ ऑगस्ट. आणि आता २३ सप्टेंबर. माझ्या अंगावर काटाच आला. मधल्या दिवसांत एक सुद्धा अर्धा नाही.

अथणीची_सून
चार दिवस ताप, २७ ते २९ दिवसांनी परत. तोंड येतं का त्या वेळी? मानेला गाठी?

नंदगडची_लेक
तोंड येतंच की. उष्णता. सब्जा देतो. गाठी बघितल्या नाहीत... आत्ता बघितलं, जबड्याखाली दोन्ही बाजूला लागतात.

अथणीची_सून
तोंड येतं हे डॉक्टरांना सांगितलं का? नसणार. मी पण माझ्या पोराचं वर्षभर सांगितलं नव्हतं, कारण उष्णता!

आमच्या पोराला पीएफएपीए निघालं. तीन ते सहा दिवस ताप, तीन ते सहा आठवड्यांनी परत, बरोबर घसा लाल, तोंडात फोड, मानेला गाठी. बहुतेक पाच वर्षांच्या आत सुरू होतं. मधल्या काळात मूल ठणठणीत, वजन वाढतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं, म्हणून जुन्या डॉक्टरांना कधी कधी सुचत नाही. याची अशी एक टेस्ट नसते, बाकीचं वगळत यावं लागतं. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ताप चौथ्या दिवशी आपणहून जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. आमचे टॉन्सिल मिरजेला काढले, तेव्हापासून नाही. काढूनच टाका.

वडगावकर
एकदम ऑपरेशन? पोर मोठं झालं की बहुतेकदा आपोआप थांबतं म्हणतात. स्टेरॉइडचा एक डोस दिला की काही तासांत ताप उतरतो. आमच्या शेजाऱ्यांकडं आहे शिल्लक.

चिक्कोडी_लॅबवाला
शेजाऱ्यांचं स्टेरॉइड पाजायचं? निदान नसताना? दुसरा जंतूचा आजार असला तर तो झाकला जाईल. आणि ऑपरेशनवाल्या ताई, अजून पोरीला डॉक्टरांनी या नजरेनं बघितलेलं नाही. पांढऱ्या पेशी ठरावीक दिवसांनी, बहुतेक एकवीस दिवसांनी, खाली जाण्याचा एक आजार असतो, त्यात पण ताप आणि तोंडात फोड. ते आधी बघावं लागतं.

मध्येच पोरगी सुस्त पडली, मान आखडली, अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, लघवी बंद झाली, श्वास जड झाला तर धागा सोडा आणि रात्र असली तरी निघा.

सीमावासी_८६५
खर्चाचं बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तुमचं गाव यादीत आहे का बघा.

निपाणीचा_दादा
कागदावर लागू केली. दाखला कुठं मिळतो ते सांगा आधी.

सीमावासी_८६५
मागायला गेलात का कधी? घरात बसून सगळंच कागदावर असतं.

वडगावकर
इथं नको राव. पोरीला ताप आहे.

नंदगडची_लेक
कालच पोरीला घेऊन बेळगावला जाऊन आले. लहान मुलांचे तिसरे डॉक्टर. रिपोर्टची फाईल त्यांनी बाजूला ठेवली आणि कॅलेंडरची पानं टेबलावर लावून बघत बसले, जूनच्या पानावर पीठ होतं तरी. पीएफएपीए हे नाव त्यांनीच घेतलं, मी गप्प होते. आठवड्यातनं दोनदा, सहा आठवडे रक्त द्यायला सांगितलंय, पांढऱ्या पेशींसाठी. ताप नसला तरी. अँटिबायोटिक नको. पुढच्या तापाला पहिल्याच दिवशी घेऊन या, घशाचा आणि तोंडाचा फोटो काढून ठेवा. डोस पण लिहून दिला, साडेआठ मिली. मी पाच देत होते. लॅबवाले दादा, बाटली १२० चीच होती.

टॉन्सिल काढायचे की नाही ते नंतर बघू म्हणाले.

आज ताप उतरला, अर्धी भाकरी खाल्ली दुधात कुस्करून. ऑक्टोबरच्या पानावर सासूबाईंनी २१ तारखेला पेन्सिलनं गोल केलाय. दूधवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही.

निपाणीचा_दादा
विडाल केली का शेवटी?