‘टॅटू काढला’ म्हणजे नक्की काय केलं?

मांजराकाठ, लातूर
मंडळी, पोटापाण्याचा प्रश्न आहे, थट्टा करू नका. इथल्या एका त्वचारोग डॉक्टरांचं पत्रक मराठीत करायला घेतलंय. लेझरनं टॅटू घालवतात, त्याचं. पहिल्याच ओळीला अडकले. ‘टॅटू काढून मिळेल’ असं लिहिलं, तर कंपाउंडर म्हणाला, ‘आपल्याकडं कधीपासून काढायलेत?’ त्याचंही बरोबर आहे. चित्र काढतो तसा हातावर टॅटू काढतात, आणि काटा काढतो तसा तो काढूनही टाकतात. क्रियापद एकच.

दुसरी अडचण याहून मोठी. टॅटू असलेल्या माणसाकडं लोक कसे बघतात, नोकरीत आणि सोयरिकीत कसं अडतं, यावर एक परिच्छेद आहे. मूळ शब्द ‘स्टिग्मा’. मी लिहिलं, ‘गोंदण असणाऱ्यांना लागणारा सामाजिक कलंक’. डॉक्टर म्हणाले, गोंदण नको, ते म्हाताऱ्या बायकांचं, टॅटू लिहा. घरी सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांचं तिसरंच. ‘गोंदणाला कसला आलाय कलंक? नसलं तर कलंक. आमच्यात बिनगोंदल्या सुनेच्या हातचं पाणी पीत नव्हते.’

शिवाय एखाद्याचा हात बघितला की लगेच मत करून मोकळं व्हायचं, त्यालाही एक आटोपशीर शब्द हवाय. सोमवारी छापायला जातंय.

बालाघाट, बीड
बट्टा. कलंक चारित्र्याला लागतो, बट्टा नावाला. संपला विषय.

मास्तर, पैठण
संपला कसा? ताई, तुमच्या वाक्यातली गंमत तुमच्या ध्यानात आली नाही. स्टिग्मा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ टोचून केलेली खूण. गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर गोंदत, तो स्टिग्मा. म्हणजे तुमचं वाक्य ‘गोंदणावर बसलेलं गोंदण’ असं होतं! आणि ‘टॅटू’ हा पॉलिनेशियन बेटांवरचा ‘ततौ’. कॅप्टन कुकच्या खलाशांनी अठराव्या शतकात तो इंग्रजीत नेला. म्हणजे दोन्ही शब्द एकाच सुईचे.

आपल्याकडं याला तोलामोलाचा शब्द आहे लांछन. लांछन म्हणजे आधी नुसती खूण. जैनांचे तीर्थंकर लांछनावरून ओळखतात, ऋषभनाथांचा बैल, महावीरांचा सिंह. त्यात कमीपणा कुठंय? चंद्रावरचा डाग तेही लांछन, म्हणून पसायदानातले चंद्रमे ‘अलांछन’. खुणेची बदनामी झाली ती मागाहून. हा सगळा प्रवास एका शब्दात असताना बट्टा कशाला?

कयाधूचं पोरगं, हिंगोली
मास्तर, लांछन हा शब्द मी ‘लांछनास्पद प्रकार’ असल्या बातमीतच वाचलाय. पत्रक वाचणारं पोरगं माझ्यासारखं असणार, पसायदान पाठ असलेलं पण अर्थ न विचारलेलं.

माझंच सांगतो. नववीत असताना माळेगावच्या जत्रेत बॅटरीच्या मशीनवर उजव्या हातावर ‘आई’ मारून घेतलं. पुढं निमलष्करी भरतीला गेलो. पळण्यात पास, छातीत पास. मेडिकलला सायबानं बाही वर करायला लावली आणि म्हणाला, डावा हात असता तर चाललं असतं. उजवा सलामीचा हात, त्यावर चालत नाही. डाव्याच्या आतल्या अंगाला चालतं, तेही त्या भागाच्या पावहिश्शापेक्षा लहान पाहिजे. आर्मीचा नियम आणखी वेगळा. तिथं कोपर ते मनगट आतली बाजू नाहीतर तळहाताची मागची बाजू, आणि आदिवासींना त्यांच्या रिवाजाप्रमाणं सूट.

गावात काय पसरलं? ‘कायतरी भानगड असंल, उगंच नाही बाद केलं.’ सोयरीक घेऊन आलेल्यानं चहा प्यायच्या आधी हाताकडंच बघितलं. अक्षरं दोन, तीबी आई.

ताई, आमच्याकडं टॅटू काढत नाहीत, मारतात. मारला आणि काढला. झालं की वेगळं.

मास्तर, पैठण
टॅटू ‘मारला’? माशी आहे का ती? हे हिंदीचं वारं. गोंदणे हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं क्रियापद हाताशी आहे. गोंदला, गोंदवून घेतला. काढण्या-मारण्याचा घोळच राहत नाही.

कयाधूचं पोरगं, हिंगोली
शिक्का मारतो, रंग मारतो, गप्पा मारतो. मग टॅटूनंच काय घोडं मारलंय?

उदगीरची लेक
गोंदण आणि टॅटू एक नाहीच मुळी. डॉक्टरांचं त्यापुरतं बरोबर आहे.

माझ्या आजीच्या कपाळावर आडवे तीन ठिपके, हनुवटीवर एक. डाव्या हातावर तुळशीवृंदावन, त्याखाली विंचू. उजव्या हातावर तिच्या भावाचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही आणि हातावर तर नाहीच, असं तिच्या सासरी होतं, म्हणून भावाचं. गोंदणारणीला अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पाटीवर लिहून दिलं, तिनं पाटी धरली उलटी आणि होतं तसं उतरवलं. समोरच्याला नाव उलटं दिसायचं, आजीला सरळ. कुणी हसलं तर म्हणायची, ‘मला वाचायचंय, तुला कशाला पायजे?’ आणि तिला तरी कुठं वाचता येत होतं!

काजळी कारल्याच्या पानाच्या रसात कालवायची, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, टोचून झालं की वरून हळद आणि तेल. तीन दिवस हात सुजून टम्म. काजळी काळीकुट्ट, पण कातडीखाली गेली की हिरवी दिसते. माझ्या मावशीचं सासर देगलूरकडं, तिकडं तेलुगूत पच्चबोट्टूच म्हणतात, म्हणजे हिरवा ठिपका. आमच्या कानडी शेजारणी हच्चे म्हणायच्या.

आणि मांजराकाठ ताई, हे काढून टाकण्याला आमच्या घरात शब्दच नव्हता. मेल्यावर अंगावरचं सगळं उतरवून घेतात, गोंदण तेवढं संगं जातं असं आजी म्हणायची. ती गेली तेव्हा आईनं पाटल्या काढल्या, बुगड्या काढल्या. हातावरचा भाऊ तसाच गेला.

बालाघाट, बीड
छान लिहिलंत. पण शब्दाचं मूळ कुणीच सांगेना. गोंद म्हणजे डिंक. काजळी चिकटून राहावी म्हणून त्यात डिंक घालत, त्यावरून गोंदणे. माझ्या आजोळी घालायचे.

मास्तर, पैठण
डिंक कातडीत टोचला तर पू होईल, गोंदण नाही. हिंदीतला गोदना बघा, त्याचा धात्वर्थच टोचणे, भोसकणे. अनुस्वार आपला. डिंकाचा काही संबंध नाही.

बालाघाट, बीड
अनुस्वार काय आभाळातून पडला? गोंदातूनच आला असणार. आणि आमच्याकडं गोंधन म्हणतात, ते कुठून आलं तेही सांगा. गोंधळ्यांशी नातं आहे का?

शहागंजवाला, छत्रपती संभाजीनगर
आजीच्या गोष्टी ऐकून डोळ्यात पाणी आलं वगैरे ठीक. प्रश्न आजच्या पोरांचा आहे. मानेवर, बोटांवर, डोळ्याखाली टॅटू मारणारी निम्मी पोरं छपरी असतात. माझं दुकान आहे. असला पोरगा काउंटरवर ठेवला की बायाबापड्या बिचकतात. त्याला कलंक म्हणा नाहीतर बट्टा, अनुभव तो अनुभव.

काळी माती, परभणी
शहागंजवाले भाऊ, शब्दांची चर्चा चाललीय तर तुमचाही एक शब्द घेऊ. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यात एक छप्परबंद. गवतानं छपरं शाकारणारे लोक. त्याच यादीत भामटाही आहे. पोरगं खोटं बोललं की आपण ‘भामट्या’ म्हणतो, म्हणजे एका अख्ख्या जमातीचं नाव आपण लबाडाला प्रतिशब्द म्हणून वापरतो. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी असल्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला, बोलण्यातून नाही.

कागदावरनं आठवलं. बंगालमध्ये कंपनी सरकार १७९७ पासून खोटी साक्ष देणाऱ्याच्या, बनावट दस्त करणाऱ्याच्या कपाळावर गुन्हा गोंदायचं. १८४९ ला बंद केलं. त्या शिक्षेचं नावच ‘गोदना’. मास्तर, घ्या तुमचा गोदना.

शहागंजवाला, छत्रपती संभाजीनगर
छपरी म्हणजे छपराखाली राहणारा, बिनभिंतीचा. त्यात जात कुठून आणली?

काळी माती, परभणी
बरं, नाही आणली. मग छपराखाली राहणं ही शिवी कशी झाली तेवढं सांगा.

कयाधूचं पोरगं, हिंगोली
आन् बायाबापड्या बिचकतात का तुम्हीच? माझी आई भाजी विकते, तिचं कुणी गिऱ्हाईक माझा हात बघून पळालेलं नाही.

मिलिंदनगर, नांदेड
वाचत होतो, लिहिणार नव्हतो. गेल्या १४ एप्रिलला रक्तदान शिबिराला गेलो. माझ्या मनगटावर ‘जय भीम’ आहे, दोनच महिन्यांपूर्वी गोंदवलेलं. तिथल्या सिस्टरांनी नीट सांगितलं की गोंदवल्यावर बारा महिने रक्त घेत नाहीत, सुईतून कावीळ किंवा एचआयव्हीचा संसर्ग असू शकतो, पुढच्या वर्षी या. नियम आहे, पटला. रांगेत मागं उभा असलेला एक सज्जन दुसऱ्याला हळूच म्हणाला, ‘हात बघितलास का? यांचं रक्त कोण घेणार.’ त्यानं टॅटू बघितला नव्हता, त्यावरची अक्षरं वाचली होती.

माझ्या कामावर शेजारच्या टेबलावरच्याच्या हातावर ‘महाकाल’ आहे, त्रिशूळासकट. त्याला सगळे विचारतात कुठं काढलास, किती लागले. मला विचारतात गाव कुठलं, आडनाव काय.

मला विचाराल तर शब्द ‘शिक्का’. आम्हाला तो आधीच बसलेला असतो. मनगटावरचा मी माझा मारून घेतला.

मांजराकाठ, लातूर
दादा, हे वाचून दोन वेळा लिहिलं आणि खोडलं. शिक्का लिहून ठेवलाय.

कयाधूच्या पोरानं तिकडं भरतीच्या गोष्टीतून सगळं सांगितलं, पण मला अजून ‘डाग’ सोडवेना. आमच्याकडं सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात. ‘लग्नात दोन डाग घातले.’ मयताला अग्निडाग देतात. ढोराला डागतात. सासूबाई गोंदणाला सोबत येणारा डागच म्हणतात, आणि तो दागिन्याच्या अर्थानं. एकाच शब्दात अब्रूही आणि बेअब्रूही. पण वाचणाऱ्याला दुसरंच कळलं तर? त्वचारोगाच्या पत्रकात ‘डाग’ म्हटलं की लोक वांग समजतील.

मास्तर, पैठण
म्हणून म्हणतो, लांछन.

मांजराकाठ, लातूर
मास्तर, लांछन लिहिलं तर पेशंट येणार नाहीत, कीर्तनकार येतील. लगेच मत करून टाकण्याचं सांगा. मी ‘शितावरून भाताची परीक्षा’ लिहिलंय.

मास्तर, पैठण
पूर्वग्रह.

काळी माती, परभणी
पूर्वग्रह आधीपासून असतो. ताईंना बघितल्याबरोबर होणारा हवाय.

उदगीरची लेक
शितावरून भाताची परीक्षा ही तर खरी परीक्षा आहे, तिला का बदनाम करायलात? मी रोज करते. एक शीत बोटानं दाबलं आणि मऊ लागलं, की भात झाला. कधी चुकत नाही. एका पातेल्यातला भात असतो तो. माणसं काय एका पातेल्यात शिजवलेली असतात?

मिलिंदनगर, नांदेड
आमच्या बाबतीत शीत दाबायच्या आधी तांदूळ कुणाच्या घरचा ते विचारतात.

शहागंजवाला, छत्रपती संभाजीनगर
मी कुणाची जात काढली नाही, हे नोंदवून ठेवतो. दुकानात आज एक मुलगा कामासाठी आला होता, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या, या उन्हात. बाही वर कर असं मी म्हटलं नाही. एवढंच.

कयाधूचं पोरगं, हिंगोली
ठेवला का मग?

मांजराकाठ, लातूर
कळवते. पत्रक छापून आलं. परिच्छेद डॉक्टरांनी सबंध उडवला, म्हणाले पेशंटला आधीच टेन्शन असतं, अजून कशाला द्यायचं. म्हणजे कलंक, बट्टा, डाग, लांछन, शिक्का, सगळे माझ्या वहीतच राहिले. पहिली ओळ मी ‘नको असलेला टॅटू पुसून मिळेल’ अशी केली. छापखान्यातल्या पोरानं स्वतःच्या हुशारीनं ‘पुसून’चं ‘काढून’ केलं, त्याला पुसून हा शब्द फळ्याचा वाटला. पाचशे प्रती. आज सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, मोबाइलमध्ये वाघाचं चित्र घेऊन.

बालाघाट, बीड
आजोळी फोन लावला होता. मामी म्हणते डिंक नव्हे, बिब्बा घालायचे. तरी गोंदाचं मी मागं घेत नाही.

मास्तर, पैठण
बिब्बा अंगावर उततो हो! फोड येतात. परीट बिब्ब्यानं कपड्यांवर खुणा करायचे, कुणाचं धोतर कुणाचं ते कळावं म्हणून. तुम्ही आता या चर्चेत बिब्बा घालू नका.

बालाघाट, बीड
म्हणजे खूणच की ती.