अमेरिकेत सरकार दाखल खटला मागे घेऊ शकतं का?

गिरगावकर: दादरच्या आमच्या कट्ट्यावर या आठवड्यात हा विषय आहे. राजकीय दबाव आला तर अटकाव नेमका कुठे होतो?

सनदवाला: दाखल करण्याआधी जवळपास कुठेच नाही. 93 फेडरल (केंद्र सरकारचे) मुख्य सरकारी वकील राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, पण काढायला कुणालाच विचारावं लागत नाही. आरोपपत्र दाखल झालं की मात्र फौजदारी नियम 48(अ) लागतो: कोर्टाच्या परवानगीशिवाय माघार नाही. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांचा खटला बघा. फेब्रुवारी 2025 मध्ये न्याय खात्याने माघारीचा आदेश दिला, तेव्हा तिथल्या हंगामी फेडरल मुख्य वकील डॅनिएल सॅसून यांनी राजीनामा दिला. खात्याला पुन्हा खटला भरायची मुभा हवी होती, म्हणजे टांगती तलवार कायम. न्यायाधीश डेल हो यांनी 2 एप्रिलला खटला कायमचा बंद केला. ती तलवार गेली, पण खटला काही चालला नाही. न्यायाधीश वकिलाला खटला चालवायला भाग पाडू शकत नाही, खरी मेख तिथेच आहे.

फोर्टचा वाचक: आपल्या सेशन्स कोर्टातही तसंच, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 360, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, 321. कोर्टाची संमती लागतेच.

सनदवाला: बरोबर. आणि 20 ऑक्टोबर 1973 विसरू नका. राष्ट्राध्यक्ष निक्सनने वॉटरगेट प्रकरणाचे विशेष सरकारी वकील कॉक्स यांना काढायला सांगितलं, न्याय खात्याचे प्रमुख रिचर्डसन आणि उपप्रमुख रकलशॉस दोघांनीही नकार दिला, खात्यात तिसऱ्या क्रमांकावरच्या बोर्कने सही केली. नकार देणारी माणसं संपली की कागदावरचे नियम तोकडे पडतात.