पावसाळ्यात कापडी हत्ती धुवायचा कसा? लेक त्याला सोडत नाही

घोडबंदरची आई

नमस्कार. माझी लेक सव्वादोन वर्षांची आहे. तिचा एक कापडी हत्ती आहे, ढम्मू. बारशाला माझ्या आतेसासूबाईंनी दिला होता. वीतभर उंच, राखाडी, मऊ लवीचा. झोपताना ती त्याच्या सोंडेचं टोक तोंडात धरते आणि बोटांनी त्याचा डावा कान चोळत राहते. उजवा चालत नाही. पाळणाघर, भाजीबाजार, डॉक्टर, सगळीकडे तो बरोबर असतो. सोंड आता काळपट आणि कडक झाली आहे. लाळ, दूध, वरणभात सगळं मिळून आंबूस वास येतो. त्यात आमची बिल्डिंग अगदी रस्त्यावर. मेट्रोच्या कामाची धूळ गॅलरीतून घरात येते, ती वेगळीच.

गेल्या महिन्यात एकदा धुतला होता. रात्री ती झोपल्यावर मशीनमध्ये टाकला, नेहमीची पावडर घातली आणि शेवटी सुगंधी कंडिशनर. सकाळी ओलाच होता, म्हणून लपवून ठेवला आणि 'ढम्मू आजीकडे गेलाय' असं सांगितलं. पाऊस थांबेना, वाळायला दोन दिवस लागले. वाळल्यावर हातात दिला, तर तिने नाकाशी नेला आणि 'हा नाही' म्हणून खाली टाकला. त्या रात्री साडेबारापर्यंत रडत होती. मीही रडले. त्याला पुन्हा जवळ घ्यायला तिला चार दिवस लागले.

आता पाळणाघरात हँड-फूट-माउथची, म्हणजे हात-पाय-तोंडावर फोड येतात त्या आजाराची साथ आहे, त्यामुळे धुणं भाग आहे. सासूबाई म्हणतात, टाकून द्या आणि नवा आणा. मला ते करायचं नाही. लेबल कधीच कापून टाकलंय. दाबला की पुन्हा फुगतो, म्हणजे आत सिंथेटिक भरण असावं. कशाने धुवू, किती दिवसांनी धुवू, या हवेत वाळवू कसा, आणि मुख्य म्हणजे तिला तो आपला वाटेल असं काय करू?

ऐरोलीचा बाबा

ताई, आमच्याकडे जुळे आहेत आणि दोघांचे दोन ससे. दोन पावसाळे काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सगळ्या शिवणी बोटांनी चाचपून बघा. डोळे, नाक, शेपटी ओढून बघा. सैल असेल ते धुण्याआधीच टाका घालून पक्कं करा, कारण मशीनमध्ये सुटलेला डोळा पुढे पोराच्या घशात जाऊ शकतो. पोटात गाण्याचा डबा किंवा सेल नाही ना, तेही बघा.

दुधाचे आणि वरणभाताचे डाग आधी गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. थेट गरम पाणी लागलं की दुधातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं. त्यानंतर हत्ती उशीच्या अभ्र्यात घालून तोंड गाठ मारून बांधा. मशीन डेलिकेटवर, पाणी कोमट, आणि बिनवासाचं लिक्विड डिटर्जंट लहान चमचाभर, जास्त नाही. पावडरीचे कण लवीत अडकून राहतात. खळबळणं मात्र दोनदा करा. पिळल्यावर फेस येत असेल तर तिसऱ्यांदा. ती सोंड चोखते, त्यामुळे साबण आत राहता कामा नये. कंडिशनर बंदच करा. माझ्या मते तिने हत्ती नाकारला तो त्या वासामुळेच.

वाळवण्याबद्दल. आपल्याकडे जुलैत हवेत ८०-९० टक्के दमटपणा असतो, नुसतं दोरीवर टाकून काही होत नाही. स्पिन दोनदा लावा. मग कोरड्या पंचाच्या गुंडाळीत घालून वर गुडघ्याने दाबा. पंचा बदलून पुन्हा तेच. निम्मं पाणी इथेच निघतं. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पंख्याखाली टांगा, म्हणजे चहूबाजूंनी वारा लागतो. कानाला चिमटा लावून लटकवू नका, ओल्या भरणाच्या वजनाने शिवण ताणते. एसी असेल तर ड्राय मोडवर लावून खोलीचं दार बंद ठेवा, फार फरक पडतो. हेअर ड्रायर जवळ धरू नका. आमच्या एका सशाची पाठ अशीच आकसली, सिंथेटिक लव वितळून कडक झाली.

नेरूळची आजी

अगं पोरी, चोरून धुऊ नकोस. तू रात्री नेलास आणि सकाळी दुसऱ्याच वासाचा आणून दिलास, तिला तो परकाच वाटणार.

माझ्या धाकट्याचं दुपटं होतं, माझ्या आईच्या नऊवारीतून शिवलेलं. तो नर्मदेचा गोटा होता, कशालाच बधायचा नाही, पण दुपटं दिसलं नाही की घर डोक्यावर घ्यायचा. मी काय केलं, दुपट्याचे चार तुकडे केले आणि प्रत्येकाला दोरा भरला. एक हातात, एक धुण्यात, एक दोरीवर, एक कपाटात. चारही आलटून पालटून वापरल्याने सगळ्यांना वास एकच. हत्तीचे तुकडे करता येणार नाहीत, हे मला कळतं. पण त्याची आंघोळ तिच्या हाताने घालून घे. तिच्या छोट्या टबात बसव, तिलाच पाणी ओतू दे, तिलाच पुसू दे. आपली आंघोळ तिला समजते, त्याचीही समजेल.

वर्तकनगर ४०१

माझी पद्धत सोपी आहे. बादलीत दोन झाकणं डेटॉल, रात्रभर भिजवायचं, कडक वाळवायचं. न लागणारी खेळणी डांबरगोळ्या टाकून पेटीत ठेवायची, किडा लागत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं.

रात्रपाळी

मी ठाण्यातच लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. वरच्या प्रतिसादातल्या दोन गोष्टी कृपया कोणी करू नका.

डांबरगोळ्या आधी सांगते. त्यात बहुधा नॅफ्थलीन असतं. रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, रक्त झपाट्याने कमी होतं. आपल्या मुलाला हा दोष आहे हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. गोळी गिळायलाच हवी असंही नाही. त्या पेटीतले कपडे न धुता, हवा न लावता बाळाला घातले तरी त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जे खेळणं मूल तोंडात घालतं, त्याच्या आसपास डांबरगोळी नकोच. पेटीत कडुनिंबाचा पाला ठेवा, तोही कापडात बांधून.

डेटॉलसारखं जंतुनाशक लवीत आणि भरणात मुरतं, आणि मूल ते चोखतं. नीट धुतलेल्या हत्तीला त्याची गरजही नाही.

आता हँड-फूट-माउथ. हा विषाणू लाळेतून, फोडांतल्या पाण्यातून आणि शीतून पसरतो. मूल बरं दिसायला लागल्यावरही शीतून काही आठवडे जात राहतो. अल्कोहोल सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा भरवसा धरता येत नाही. हत्तीवर सॅनिटायझर फवारून स्वच्छ झाला असं समजू नका. साबण, पाणी, चोळणं आणि भरपूर खळबळणं हेच कामाचं. साथ आहे तोवर ढम्मूला घरीच ठेवता आलं तर उत्तम. नाही जमलं तर पाळणाघरात तो दुसऱ्या मुलांच्या हाती जाऊ देऊ नका आणि घरी आल्यावर सोंड आणि कान रोज साबणाच्या फडक्याने पुसून, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा.

मुलीला सर्दी-शिंका सारख्या असतात का? रात्री किंवा पहाटे जास्त असतील तर डॉक्टरांना सांगा. मऊ खेळण्यांत धुळीतले बारीक किडे, माइट्स, राहतात आणि दमट हवेत वाढतात. ते ६० अंशांच्या पाण्यात मरतात, पण तेवढ्या पाण्यात हत्तीची लव बिघडू शकते. पर्याय म्हणून हत्ती बंद पिशवीत घालून पूर्ण दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवतात. किडे मरतात, पण त्यांची विष्ठा तिथेच राहते आणि ॲलर्जी त्या विष्ठेचीच असते, म्हणून नंतर धुवावं लागतंच. फ्रीझरने विषाणू जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आणि ऐरोलीच्या बाबांनी सेलचा उल्लेख केला, तो फार महत्त्वाचा आहे. नाण्यासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजू शकतं. नुसती शंका आली तरी थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

वर्तकनगर ४०१

डांबरगोळ्यांचं खरंच माहीत नव्हतं. आजच पेटी रिकामी करतो. धन्यवाद सिस्टर.

कोपरखैरणे पाळणाघर

मी अठरा वर्षं पाळणाघर चालवते, त्यामुळे असे ढम्मू खूप पाहिलेत. विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधे मूल अशी एक वस्तू स्वतःसाठी निवडतं, ही कल्पना त्यांनी १९५१ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली. आया ती वस्तू मळू देतात, तिला वास येऊ देतात, कारण धुतली की मुलाच्या अनुभवात खंड पडतो हे त्यांना कळतं, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. ताई, तुमच्या मुलीने हट्ट केला नाही. तिची ओळखीची वस्तू खरोखरच बदलली होती. सासूबाईंनाही हे सांगून बघा. नवा हत्ती म्हणजे तिच्यासाठी नवा माणूस.

म्हणून आमच्याकडे मी पालकांना सांगते, पूर्ण आंघोळ महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. मधल्या दिवसांत फक्त सोंड-कान. उलटी, शी किंवा आजारपण असेल तेव्हा अर्थातच लगेच. धुतल्यावर तो लगेच तिच्या हातात द्यायच्या आधी तुमच्या उशीच्या अभ्र्यात एक रात्र ठेवा. घराचा वास परत येतो.

दुसरा तसाच हत्ती मिळाला तर घ्या, पण कपाटात कोरा ठेवू नका. पहिल्या आठवड्यापासून दोघांची अदलाबदल करा, नाहीतर तो कायम 'हा नाही'च राहणार. घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे.

शिवणकाम कोपरी

मी जुनी कापडी खेळणी दुरुस्त करते. सोंड कडक झाली आहे म्हणालात, तर आतलं भरण गोळा झालं असेल. पोटाखालची शिवण दोन इंच उसवा, जुनं भरण काढा, नुसतं कातडं धुवा. असं धुतलं तर दोन-तीन तासांत पंख्याखाली वाळतं, भर पावसातसुद्धा! नंतर नवं रेक्रॉन (उशांत भरतात तो सिंथेटिक कापूस) भरून आतल्या बाजूने बारीक टाक्यांनी शिवा. पण सगळं भरण एकदम बदलू नका, हाताला तो वेगळा लागेल. सोंडेतलं आणि डाव्या कानातलं आहे तसंच राहू द्या, पोटातलं तेवढं बदला. आणि हे मुलीसमोर करू नका. आंघोळ दिसली तर चालेल, पोट फाडलेलं दिसायला नको.

रात्रपाळी

हे फार चांगलं सुचवलंत. जाड खेळण्याचं आतलं भरण ओलं राहणं हाच पावसाळ्यातला खरा धोका. २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळलं नाही तर बुरशी धरू शकते, बाहेरून कळतही नाही. पोट जोरात दाबून गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे.

घोडबंदरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी काय झालं ते सांगते.

सकाळी नऊला तिच्या टबात दोघांनी मिळून ढम्मूला आंघोळ घातली. आजी, तुमचं अगदी बरोबर होतं. तिने स्वतः मगभर पाणी डोक्यावर ओतलं आणि 'डोळे मीट' म्हणाली. आम्ही तिला म्हणतो तसंच. कंडिशनर नाही, वासाचा साबण नाही. स्पिन दोनदा, पंचात दाबणं, मग कांद्याची जाळी. ती जाळी मी मुद्दाम तिला पलंगावरून दिसेल अशी पंख्याखाली टांगली. दुपारी ती खालून विचारत होती, 'वालला?' आणि मी म्हणायचे, 'सोंड वाळली, पोट राहिलंय.' दुपारची झोप मात्र झालीच नाही.

संध्याकाळी सातला बाहेरून कोरडा होता, पण पोट गालाला गार लागलं. पहिल्यांदा मला हे कसं तपासायचं तेच माहीत नव्हतं, म्हणजे तेव्हा मी तिला ओलसर हत्तीच दिला असणार. यावेळी दिला नाही. एसी ड्रायवर लावला, ढम्मू जाळीतच राहिला आणि ती माझी जुनी ओढणी हातात धरून झोपली. दोनदा उठली, वर बघितलं, परत आडवी झाली. सकाळी पोट कोरडं ठणठणीत होतं. अभ्र्यात ठेवायला वेळच मिळाला नाही, तिने उठल्या उठल्या हात वर केले. नाकाशी नेला, थोडा वेळ नुसती बघत राहिली, आणि डावा कान चोळायला लागली.

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. काल त्या स्वतः राम मारुती रोडवर तसाच दुसरा हत्ती मिळतो का बघून आल्या. नाही मिळाला. पाळणाघरात साथ संपेपर्यंत ढम्मू घरी राहणार आहे, ती जाताना त्याला खिडकीत बसवते. शिंकांचं डॉक्टरांना विचारलंय, पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचं आहे.

शिवणकाम कोपरी ताई, पोटातलं भरण मला दिवाळीच्या आधी बदलायचं आहे. रेक्रॉन सुटं कुठे मिळेल, आणि किती लागेल?

शिवणकाम कोपरी

कुठल्याही गादीवाल्याकडे सुटं मिळतं, जांभळी नाक्याच्या बाजूला विचारा. वीतभर हत्तीला पाव किलो खूप झालं, थोडं उरेल. पांढरंशुभ्र आणि लांब धाग्याचं मागा, चुरा घेऊ नका. शिवताना टाका अडला तर इथेच लिहा, मी रात्री नऊनंतर असते.