पियानोचा सूर विरून जातो, मग रिख्टर इतका सावकाश वाजवतो तरी कसा?

पायपेटी-वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. मी दशावतारात पायपेटी वाजवतो, तीस वर्षं झाली. पाश्चात्त्य संगीत शिकलेलो नाही. गेल्या पावसात जत्रा बंद होत्या तेव्हा मुंबईच्या भाच्याने एक ध्वनिमुद्रण ऐकवलं: ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा (अनेक भागांची पियानोरचना), डी ९६० (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर. एकटा पहिला भागच २४ मिनिटांच्या आसपास आहे. भाचा दहाव्या मिनिटाला चहा करायला उठला. माझ्याने उठवेना.

काळी पाचचा सा धरून ऐकलं. चाल साधी, जवळजवळ भजनासारखी. ती थांबते आणि अगदी खर्जात कोमल धैवतावर एक कंप (लगतचे दोन सूर भराभर आलटून पालटून) येतो, इतका हळू की पावसाचा आवाज असेल तर ऐकूच येणार नाही. तो पंचमावर उतरतो आणि मग काहीच नाही. नुसती शांतता. त्या शांततेत मी श्वास धरून बसतो.

माझा प्रश्न असा. मी भाता देत राहीन तोवर पेटीचा सूर उभा राहतो. पियानोचा सूर मात्र वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. मग इतक्या संथ लयीत चाल तुटत कशी नाही? हा माणूस नेमकं करतो काय? इतरांचं वाजवणंही ऐकलं, ते याच भागातून बरेच लवकर बाहेर पडतात. मग बरोबर कोण?

पियानो-शिक्षिका, मडगाव

काका, तुमच्या कानाला नमस्कार. बी फ्लॅटला सा मानून तो सूर कोमल धैवत आहे हे तुम्ही पेटीवरून ओळखलंत, त्याचीच गोष्ट आधी सांगते. तो स्वर तिथे सहज आलेला नाही. थोडं पुढे ऐका. दुसऱ्यांदा कंप आला की त्याच्यामागून चाल जी फ्लॅट मेजरमध्ये जाते, म्हणजे तुमचा कोमल धैवतच नवा सा होतो. दाराबाहेर कुजबुजणारा पाहुणा आत येऊन यजमानाच्या जागी बसावा तसं.

आता मूळ प्रश्न. आपण पियानोची पट्टी दाबतो तेव्हा ती हातोडीला उडवते, आणि तारेला लागण्याच्या जरा आधी हातोडी पट्टीपासून सुटते. आघाताच्या क्षणी बोटाचा तिच्यावर ताबा नसतो. आपल्या हाती असतो तो फक्त तिला दिलेला वेग. एकदा सूर लागला की तो वाढवता येत नाही, पट्टी किंवा उजवं पॅडल धरून त्याला विरायला वेळ देता येतो, एवढंच. म्हणून सावकाश वाजवणाऱ्याला मागच्या सुराचं जेवढं उरलंय तेवढं ऐकून पुढचा लावावा लागतो. जरा जोरात लागला तर सुटे मणी, जरा हलका लागला तर भोक. रिख्टर इथे ऐकून वाजवतो. शिवाय त्या चालीत वरचा स्वर थांबलेला असताना मधल्या बोटांत एक बारीक हालचाल सतत चालू असते. तिच्याकडे कान द्या. तोच तुमचा भाता.

माझ्याकडे जुना उभा पियानो आहे. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने पट्ट्या फुगून अडकतात, हातोडीवरचा नमदा ओलसर होऊन सूर बसतो, तारांना खारं वारं लागतं ते वेगळंच. त्यावर हा पहिला भाग वाजवायला बसले की चार ओळींत कळतं, वेगात पुष्कळ दोष झाकले जातात, संथ लयीत एकही नाही.

बरोबर कोण म्हणाल तर, शूबर्टने वर लिहिलं आहे ‘मोल्तो मोदेरातो’, म्हणजे बऱ्यापैकी मध्यम. रिख्टर त्याहून संथ जातो हे खरंच आहे. मला तरीही तोच पटतो.

लांजा-ऐकणारा

काका, हा माणूस तुमच्या धंद्यातलाच. जन्म १९१५ चा, वडील ऑर्गनवादक. पियानोचं रीतसर शिक्षण फारसं नाहीच. ओडेसाच्या ऑपेरात गायकांच्या तालमींना साथ करायचा. १९३७ साली, बावीसाव्या वर्षी, मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउसकडे शिकायला गेला. गळ्यामागून चालायची सवय तिथूनच लागली असणार असं मला वाटतं.

आणखी एक. उतारवयात तो सभागृहात अंधार करून, फक्त स्वरलिपीवर एक दिवा ठेवून वाजवायचा. लोकांनी आपल्याला बघू नये, ऐकावं म्हणून. १९८६ साली सोव्हिएत संघातून थेट सायबेरियापर्यंत गेला, वाटेत छोट्या छोट्या गावांत वाजवत. मोठं सभागृह नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

पियानो-शिक्षिका, मडगाव

एक राहिलंच. पहिल्या भागाचा सुरुवातीचा हिस्सा पुन्हा वाजवायची खूण शूबर्टने घातली आहे. पुष्कळ जण ती गाळतात, म्हणून त्यांचा वेळ कमी भरतो. रिख्टर गाळत नाही. परत सुरुवातीकडे वळताना नऊ मापं (तालाची आवर्तनं म्हणा) अशी येतात जी दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि तिथे तो खर्जातला कंप एकदाच, पूर्ण जोराने येतो. पुनरावृत्ती गाळली की तो गेलाच. हा सोनाटा सप्टेंबर १८२८ चा आहे, नोव्हेंबरात शूबर्ट वारला, वय ३१. त्याने लिहिलेली नऊ मापं मी तरी सोडणार नाही.

पायपेटी-वेंगुर्ला

ताई, लांजेकर, दोघांचे आभार. काल रात्री परत ऐकलं. तो जोराचा कंप सापडला. सुमारे सहा महिने रोज ऐकूनही मी त्याला वेगळं धरलं नव्हतं, कारण त्याच्यामागून लगेच पहिली चाल येते आणि मन तिच्याकडे धावतं. मधल्या बोटांचंही पटलं. आमच्या गुरुजींचं बोलणं आठवलं, ‘भातो सोडू नको, गाणारो दमता तेव्हा तुझोच श्वास चलता.’

दोघांचं वाचून पहाटे पेटी काढली. मिळेल तितक्या खालच्या सप्तकात कोमल धैवत आणि कोमल निषाद आलटून पालटून धरले, भाता जेमतेम हलवत. खालचा सूर इतक्या कमी हवेत बोलेचना. हवा वाढवली तर बोलला, पण मोठा. तो हळू आणि तरी स्पष्ट कसा आणायचा, हे मला अजून जमलेलं नाही. उद्या पुन्हा बसतो.