बारावीचं बारावीला बघू म्हणे!

सडेतोड: काल इथे एका ताईंनी लिहिलं, ‘मुलीला आठवीतून काढलं, घरीच शिकते. कॉलेजचं टेन्शन नाही, बारावीचं बारावीला बघू.’ खाली बदामांचा पाऊस! अहो, एनआयओएसच्या, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय ओपन स्कूलच्या, दहावीलाच वयाची 14 पूर्ण लागतात. मेडिकलची प्रवेश परीक्षा ‘नीट’ द्यायची तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्रजी हवंच. पोरीने चित्रकला घेतली आणि सतराव्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणाली तर?

मुक्ताची आई: ती ताई मीच. विषय नंतर वाढवता येतो. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात. आणि 2016 ला मुंबईची मुलगी दहावी-बारावी न करता अमेरिकेतल्या एमआयटीला गेली, ते विसरलात?

सडेतोड: विसरतोय कसला! ती इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची, पदकं घेऊन गेली. बारावी नाही म्हणून आयआयटीची वाट बंदच होती. तुमच्याकडे पदकं आहेत का? 2018 ला नीटमधून ओपन स्कूलवाल्यांना बाहेरच काढलं होतं, पोरांना हायकोर्टात जावं लागलं.

लातूरकर: शाळावाले तरी कुठे शाळेत असतात? माझा भाचा दोन वर्षं ‘इंटिग्रेटेड’ला. कॉलेजात नुसतं नाव, पोरगा दिवसभर क्लासमध्ये. फी मात्र दोन्हीकडे!

निवृत्त मास्तर: अगदी! 2018 ला सायन्सला बायोमेट्रिक हजेरी आली. आमच्याकडे पोरं अंगठा लावायची आणि मागच्या गेटने क्लासला. जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवलेलं. बारीक मापं घ्यायच्या व्हर्निअर पट्टीचा शून्य कुठे असतो ते माहीत नाही आणि प्रॅक्टिकलला तीसपैकी 29. सही मीच करायचो, करायला लावायचे.

सडेतोड: मास्तर, धागा होमस्कूलिंगचा आहे.

लातूरकर: मग हे काय वेगळं? फी भरून केलेलं होमस्कूलिंगच की!

निवृत्त मास्तर: पालकांनाही तेच हवं असतं. मी एकदा गैरहजेरी लावली तर वडील अंगावर धावून आले.

मुक्ताची आई: आणि जाब आम्हाला विचारायचा! माझी मुलगी केमिस्ट्रीचा टायट्रेशनचा प्रयोग स्वतः करते, तासाच्या भाड्याने लॅब घेऊन. गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटच्या नळीतून एकेक थेंब सोडते. तुमच्या 29 वाल्यांनी ब्युरेट धरलाय?

सडेतोड: बरं बाई, ब्युरेट तुमचा. पण लॅब भाड्याने घेता म्हणजे सायन्सचं ठरलंय ना? मग ‘बारावीला बघू’ कशाला लिहिलंत? ते वाचून चार जणी उद्या पोरांचे दाखले काढतील.

मुक्ताची आई: तेवढं वाक्य बदलते. मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलंय, खूश?

लातूरकर: क्लास कुठला लावणार?