जुनं डायव्हर घड्याळ पाण्यात घालावं का? मामाचं सीको ६३०९

आखूडकाटा

मंडळी, सल्ला हवाय. मामाने त्याचं सीको ६३०९-७०४० मला दिलंय. तो जहाजावर इंजिनरूमला होता, घड्याळ कायम हातात असायचं. आजही झकास चालतं, दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं एवढंच. तबकडीवर १५० मीटर लिहिलेलं आहे. मी आठवड्यातून तीन दिवस तलावात पोहतो, वर्षाकाठी एकदा समुद्रात स्नॉर्कलिंग.

शेवटचं कधी उघडलं होतं हे मामाला आठवत नाही. विचारलं तर म्हणतो, "अरे, मी हे घालून आंघोळ करायचो, तुला काय होतंय?" घालू का? मागच्या झाकणावरचा क्रमांक २५ ने सुरू होतो, त्यावरून काही कळत असेल तर सांगा.

नुसतं_बघणारा

फोटो टाका आधी. आणि पाण्यात नको.

तबकडीवेडा

त्या काळच्या सीकोत पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ६३०९-७०४० साधारण १९७६ ते १९८८ या काळात बनत होतं, त्यामुळे तुमचं मे १९८२ चं. मामा आंघोळ करत असतील तेव्हा आतलं रबर पाच-दहा वर्षांचं असेल. आता ते चाळिशी ओलांडून बसलंय. मधे कुणी बदललं असेल तर ठीक, पण तेच तर आठवत नाहीये ना.

घड्याळजीचा_चेला

थोडं लांबेल, पण हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून एकदाच नीट लिहितो.

तबकडीवरचा आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे १५० मीटर म्हणजे वरच्या हवेपेक्षा १५ बार जास्त. तलावात तुम्हाला लागतो पाव बार. त्यामुळे "१५० चे आता ८० उरलेत का" असा हिशोब करत बसू नका. फट आहे की नाही, एवढंच बघायचं. आणि उलटं वाटेल, पण कडक झालेली रिंग (पाणी अडवणारं रबराचं कडं) बऱ्याचदा उथळ पाण्यातच दगा देते. खोलवर पाण्याचा दाबच रिंगला खाचेत रेटून बसवतो, वरच्या वर तो आधार मिळत नाही.

पाणी शिरायच्या जागा तीन: मागचं झाकण, क्राउन (वेळ लावायची बाजूची मूठ), काच.

झाकणाची रिंग नवी असते तेव्हा गोल आणि लवचिक. चाळीस वर्षांनी उघडलं की ती एका बाजूने चपटी झालेली दिसते, नखाने दाबली तर परत फुगत नाही. कधी तर तिचं डांबर झालेलं असतं, लाकडी काडीने खरवडून काढावं लागतं. रिंग बदलणं सोपं आहे. खरी गोष्ट त्याच्या खाली असते. खाच स्वच्छ करून भिंगाखाली बघायची. घाम आणि खारं पाणी वर्षानुवर्षं साचलं की स्टीललाही बारीक काळे खड्डे पडतात, सुईच्या टोकाएवढे. असा एखादा खड्डा रिंगच्या बसायच्या जागेवर आडवा गेला असेल तर कितीही नवी रिंग टाका, पाण्याला वाट मिळणारच. मामा जहाजावर होते म्हणता, म्हणून हे मुद्दाम बघून घ्या.

क्राउन घरीच तपासा. सोडवताना शेवटचा आटा सुटला की तो आतल्या स्प्रिंगने टुणकन बाहेर यायला हवा. लावताना आटे आपोआप पकडायला हवेत. पकडतच नसेल किंवा घट्ट होता होता परत सैल पडत असेल, तर आटे झिजलेत. काचेची कड टवका उडालेली नाही ना, तेही बघा.

मग घड्याळजीकडे. नव्या रिंगा, त्यांना सिलिकॉन ग्रीस, आणि आधी कोरडी चाचणी. यात बंद डब्यात हवेचा दाब बदलतात आणि केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, किती मायक्रॉन दबली-फुगली ते मोजतात. केस हवा धरत नसेल तर लगेच कळतं, आणि पाण्याचा थेंब लागत नाही. त्यात पास झालं तरच पाण्यातली. कुणी थेट पाण्यातली करतो म्हणाला तर घड्याळ उचला आणि घरी या.

खोलपाणी

चेल्याशी सहमत, पण "जुनं म्हणजे कपाटात" असं कुणी म्हणू नका. माझं सीको ७००२ बारा वर्षं समुद्रात येतंय. दर दोन वर्षांनी रिंगा, दरवर्षी चाचणी, समुद्रातून आलं की गोड्या पाण्यात धुणं. अर्थात वेळ आणि खोली बघायला हातात डाइव्ह कॉम्प्युटर असतोच. जुन्या बेझलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) टिकटिक सैल झालेली असते, त्यावर जिवाचा हिशोब ठेवू नये.

"हात मारला की दाब दसपट होतो" ही दंतकथाही इथेच पुरा. सेकंदाला २ मीटर वेगाने हात फिरला तर दाब वाढतो जेमतेम ०.०२ बार, म्हणजे वीतभर पाणी. १० मीटरच्या फळीवरून उडी मारली तर मात्र क्षणभर एक बार. ते करू नका.

आणि सगळे रिंगांबद्दल बोलतायत, पट्टा घड्याळाला धरून ठेवणाऱ्या बारीक दांड्या, म्हणजे स्प्रिंगबार, त्यांच्याबद्दल कुणीच नाही. त्या आतून गंजतात, वरून कळत नाही. घड्याळात पाणी जायच्या आधी घड्याळच पाण्यात जातं! रिंगांसोबत त्याही बदला.

तबकडीवेडा

माझा आक्षेप वेगळा आहे. रिंगा, क्राउन, अगदी अख्खं मूव्हमेंट, हे सगळं बदलता येतं. ६३०९ चं यंत्र दणकट आहे आणि सुटे भाग मिळतात. पण मूळ तबकडी आणि काटे गेले की गेले. ओल लागली की लूमखाली (अंधारात चमकणाऱ्या रंगाखाली) डाग पडतो, मग ते सुटून यंत्रात गळतं. नंतर बाजारातून नवी तबकडी बसवाल, पण मग ते मामाचं घड्याळ राहील का? रिंगा बदलल्याने किंमत उतरत नाही, तबकडी बदलल्याने उतरते.

(ज्यांच्याकडे १९५०-६० च्या दशकातली घड्याळं आहेत त्यांच्यासाठी: लूम रेडियमचं असू शकतं. मागचं झाकण स्वतः उघडून खेळू नका, त्याची भुकटी श्वासात जायला नको.)

वाफेचा_बळी

माझी चूक सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. माझं एक जुनं डायव्हर पूर्ण उन्हाळा तलावात सुखरूप होतं. मग एके दिवशी कढत पाण्याने आंघोळ केली आणि लगेच गार पाणी अंगावर घेतलं. कपडे घालताना बघतो तर काचेच्या आत ४ ते ७ च्या मधे धुकं. गरम झालेली आतली हवा गार होताना आकसते आणि बाहेरची ओल आत ओढते, हे नंतर कळलं. साबणाने रिंगांचं ग्रीसही धुतलं जातं म्हणे. मी शहाणपणा करून घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांत चार दिवस ठेवलं. धुकं गेलं म्हणून खूश. महिन्याभराने तारखेच्या चकतीभोवती तांबूस कड दिसायला लागली.

घड्याळजीचा_चेला

@वाफेचा_बळी हेच होतं. धुकं दिसेनासं झालं म्हणजे ओल गेली असं नाही, ती तेलात आणि स्टीलवर बसलेली असते. त्याच दिवशी उघडून यंत्र साफ करून घ्यायचं. खारं पाणी असेल तर दिवससुद्धा नाही, तासांचा प्रश्न.

घरची एक चाचणी: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करायचं, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. थेंबाखाली आतून धुकं आलं तर आत ओल आहे. नाही आलं तर आत्ता ओल नाही, एवढंच. उद्या शिरणार नाही याची ती हमी नव्हे.

दोन_मुठी

माझ्याकडे दोन क्राउनचं जुनं सुपर कॉम्प्रेसर प्रकारचं डायव्हर घड्याळ आहे. त्याचं झाकण दाबाने अजून घट्ट होतं, म्हणजे ते सुरक्षित ना?

खोलपाणी

खोलवर, रिंगा ताज्या असतील तर. पण तुम्ही पोहणार पृष्ठभागावर, तिथे घट्ट करायला दाब कुठून येणार? शिवाय त्यांचे क्राउन बहुतेक वेळा आट्याचे नसतात. मी नसतं घातलं.

आखूडकाटा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

घड्याळजीने माझ्यासमोर उघडलं. रिंग पूर्ण चपटी, काढताना दोन तुकडे झाले. खाचेत दोन खड्डे आहेत, पण रिंग बसते त्याच्या बाहेरच्या कडेला, थोडक्यात वाचलो. क्राउनचे आटे मात्र गेलेले होते. उघडण्याआधी कोरड्या चाचणीत साफ नापास, म्हणजे गेली कित्येक वर्षं ते नुसतंच हवा खात होतं. नवा क्राउन, सगळ्या रिंगा आणि स्प्रिंगबार टाकल्यावर कोरड्यात पास, मग पाण्यात १० बारलाही पास. थेंबाची चाचणीही घरी केली, काच स्वच्छ.

ठरवलंय ते असं: तलावात घालणार, दर वर्षी तपासणार. स्नॉर्कलिंगला नाही, तबकडीवेड्यांचं ऐकून. तिथे साधं क्वार्ट्झ नेईन.

मामाला सगळं सांगितलं. त्याला फक्त जुना क्राउन हवाय, फेकला नाहीस ना म्हणून तीनदा विचारलं.

नुसतं_बघणारा

छान. फोटो?